एकट्याने बनवलेलं सॉफ्टवेअर सहा जणी फुकट वापरतायत, आता लाँच करू की अजून थांबू?

संध्याकाळचा_कोडर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहूनच टाकतो. मी नोकरी करतो, बॅकएंडचं काम (सर्व्हरवर चालणारा पडद्यामागचा कोड), आणि गेले ११ महिने रोज संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एकट्याने एक सॉफ्टवेअर बनवतोय. फिजिओथेरपिस्ट लोकांसाठी आहे. पेशंटच्या अपॉइंटमेंट, कुठला सांधा किती अंशात वाकतोय याची प्रत्येक भेटीतली नोंद, आणि घरी करायचे व्यायाम पेशंटच्या फोनवर पाठवणं, एवढंच. सुरुवात ताईमुळे झाली. ती स्वतः फिजिओ आहे आणि प्रत्येक पेशंटच्या वहीत काड्यांची माणसं काढून व्यायाम समजावून द्यायची, दिवसातून वीस-बावीस वेळा तीच तीच चित्रं. मला वाटलं होतं दोन आठवड्यांत होईल, पण एकात एक निघत गेलं.

आता ताई धरून सहा जणी वापरतायत, सगळ्या तिच्या ओळखीच्या, सगळ्या फुकट. लॉगमध्ये, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदींत, दिसतं की रोज वापरतायत. पण लाँचची तारीख मी तीनदा ठरवली आणि तीनदा पुढे ढकलली, दर वेळी काहीतरी राहिलेलं असतं, एकापेक्षा जास्त क्लिनिक जोडायची सोय राहिलीये, नीट मोबाइल ॲप राहिलंय, महिन्याचा रिपोर्ट राहिलाय.

एक गोष्ट सांगतो म्हणजे माझं काय होतंय ते कळेल. दोन महिन्यांपूर्वी ताईच्या क्लिनिकमध्ये कोपऱ्यात स्टूल टाकून दिवसभर बसलो, पेशंटना विचारूनच. अल्ट्रासाउंडचं जेल तिच्या बोटांना लागलेलं असतं त्यामुळे ती करंगळीच्या पेराने फोनवर टॅप करत होती, आणि माझं सेव्हचं बटण कीबोर्डखाली झाकलं जात होतं, मग कीबोर्ड घालवायला ती बॅक दाबायची आणि बॅक दाबलं की माझा फॉर्मच बंद व्हायचा, भरलेलं सगळं गेलं. एकाच पेशंटची नोंद तिने तीन वेळा भरली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. रात्री विचारलं तर म्हणाली, "अरे तू एवढी मेहनत घेतोयस, मला वाटलं माझंच काही चुकत असेल." मला त्या रात्री झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक रकाना भरला की आपोआप सेव्ह होईल असं केलं, पण तेव्हापासून मनात हेच आहे की बाकीच्या पाच जणी काय काय सहन करत असतील आणि मला सांगत नसतील.

तर विचारायचंय हे, की अशा अवस्थेत लाँच करावं का, पैसे कधीपासून मागावेत, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मी एकटा आहे, उद्या मी आजारी पडलो, अपघात झाला, तर या पेशंटच्या रेकॉर्डचं काय? डेटाबेस पोस्टग्रेस आहे, एकच सर्व्हर आहे, बॅकअप रोज रात्री होतो.

जुनी_विहीर

आधी एक सांगतो, तू स्टूल टाकून दिवसभर बसलास ना, हे बहुतेक जण कधीच करत नाहीत. ते बाकीच्या पाच जणींकडेही कर. प्रत्यक्ष जमत नसेल तर स्क्रीन शेअर करून कर, पण त्यांना शिकवू नकोस, तोंड बंद ठेवून नुसतं बघ.

आता पैसे. तुझी ताई तीनदा तोच फॉर्म भरून गप्प का बसली? कारण फुकट मिळालेल्या गोष्टीबद्दल माणूस तक्रार करत नाही, त्यातून देणारा घरचा असेल तर नाहीच नाही. पैसे दिलेली बाई त्याच दिवशी तुला फोन करून सांगेल की तुझं बटण दिसत नाहीये. म्हणून पैसे मागणं हे कमाईसाठी नंतर, आत्ता ते खरं ऐकू यावं म्हणून. ताईला सोड, बाकी पाच जणींना एकेकीला फोन कर आणि सरळ सांग की पुढच्या महिन्यापासून याला फी आहे, तुम्ही सुरुवातीपासून आहात म्हणून तुम्हाला ती कायम कमी राहील, चालू ठेवायचं का? मग गप्प बस. "बघते, सांगते" हे नाहीच समज. "कार्डने चालेल का" असं विचारलं तर ते हो आहे.

पिनबोर्ड नावाची बुकमार्क साठवायची साइट आहे, २००९ मध्ये सुरू झाली, मुख्यतः एकाच डेव्हलपरने चालवली. तिथे सुरुवातीच्या काळात जॉइन व्हायलाच फी होती आणि प्रत्येक नव्या माणसागणिक ती किंचित वाढायची. २०१० च्या डिसेंबरमध्ये याहू आपली डिलिशस ही बुकमार्कांची साइट गुंडाळणार अशी बातमी फुटली आणि तिथल्या लोकांचा लोंढा पिनबोर्डकडे आला. फुकट साइटवर असा लोंढा आला तर एकटा माणूस बिलाखाली दबून जातो, इथे येणारा प्रत्येक जण आपला खर्च बरोबर घेऊनच आला.

लाँचचं म्हणशील तर प्रॉडक्ट हंटवर, म्हणजे नवीन प्रॉडक्ट लोकांसमोर मांडायच्या साइटवर, टाकायचा विचार डोक्यात असेल. टाक हवं तर, तिथला दिवस पॅसिफिक वेळेने रात्री १२:०१ ला सुरू होतो, लोक तो मुहूर्त गाठायला जागतात. पण तिथे येतं कोण? आपल्यासारखे डेव्हलपर. दोन दिवस आलेख वर जातो, कौतुक होतं, आणि त्यात फिजिओ एकही नसते. तुझा गिऱ्हाईक फिजिओच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आहे, त्यांच्या संघटनेच्या परिषदेत आहे, त्यांना मशीन विकणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये आहे. हा मशीनवाला महिन्याला किती क्लिनिक फिरतो ते एकदा विचार.

आणि एक हिशोब करून ठेव, मी माझ्या पहिल्या प्रॉडक्टच्या वेळी तो फार उशिरा केला. समज दर महिन्याला १० नवीन ग्राहक येतायत आणि आहेत त्यातले ५ टक्के सोडून जातायत. मग तू कितीही वर्षं राब, गाडी २०० ग्राहकांवर थांबणार, कारण २०० चे ५ टक्के म्हणजे १०, जेवढे आले तेवढेच गेले. महिन्याला ५ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही पण आजच्या १०० पैकी वर्षाने ५४ च उरलेले असतात. गळती ५ वरून २ वर आणलीस तर तेच १० नवीन ग्राहक तुला ५०० पर्यंत नेतात. त्यामुळे मोबाइल ॲप आधी की रिपोर्ट आधी हा वाद घालण्यापेक्षा कोण सोडून जातंय आणि का, हे फोन करून विचारणं जास्त कामाचं. मी दोन वर्षं नवीन ग्राहकांच्या मागे धावलो आणि बादलीला खाली भोक होतं.

पायवाट

मी थोडंच लिहिते पण हे पैसे घ्यायच्या आधी बघा. तुमच्या नोकरीचा करार काढा आणि त्यात तुम्ही नोकरीत असताना बनवलेल्या कोडवर मालकी कोणाची हे काय लिहिलंय ते वाचा. काही करारांत संध्याकाळी घरी केलेलं कामही कंपनीचं असं धरलेलं असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून या कोडचा एकही बदल साठवू नका, ऑफिसच्या इमेलने कुठलंही अकाउंट काढू नका. माझ्या ओळखीतल्या एकाचं चांगलं चाललेलं काम याच कारणाने आठ महिने अडकलं. लेखी परवानगी मिळत असेल तर घ्याच.

बॅकअपवाली

मूळ पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचलं, "बॅकअप रोज रात्री होतो". दादा, तो रिस्टोअर करून, म्हणजे त्यावरून सगळं परत उभं करून, कधी बघितलायत? खरंच विचारतेय.

गिटलॅब या कोड साठवायच्या साइटचं ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं ते आमच्या टीममध्ये प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर पुसायचं म्हणून कमांड मारली आणि ती मुख्य डेटाबेसवर चालली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवली, तोवर ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, तो रोज फेल होत होता. फेल झाल्याचे इमेलसुद्धा जात होते पण समोरचा मेलसर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज दुसऱ्या कामासाठी स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची प्रत) घेतला होता म्हणून वाचले, तरी सहा तासांचा डेटा गेलाच. तिथे अख्खी टीम होती. तुम्ही एकटे आहात.

म्हणून या रविवारी एक करा. नवीन कोरं मशीन घ्या, जुन्या सर्व्हरला अजिबात हात लावायचा नाही असं ठरवा, घड्याळ लावा, आणि फक्त बॅकअपवरून अख्खं ॲप उभं करून ताईच्या नावाने लॉगिन करून दाखवा. किती वेळ लागला लिहून ठेवा. माझ्या अनुभवात तीन गोष्टी हमखास राहतात. एक, अपलोड केलेल्या फाइल्स. एक्स-रेचे फोटो, व्यायामाचे व्हिडिओ हे डेटाबेसमध्ये नसतात, सर्व्हरच्या डिस्कवर पडलेले असतात, आणि बॅकअप फक्त डेटाबेसचा असतो. दुसरं, डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो पण किल्ली त्याच सर्व्हरवर असते, सर्व्हर गेला की किल्ली गेली. तिसरं, बॅकअप ज्या अकाउंटमध्ये जातो त्याचा पासवर्ड सर्व्हरवरच असतो, म्हणजे कोणी आत शिरला तर तो बॅकअपही पुसू शकतो. सर्व्हरला तिथे फक्त नवीन फाइल टाकता यावी, जुनी पुसता येऊ नये, असा परवाना द्या.

आजारी पडलात तर काय, याबद्दल. मी आधी एकटीनेच एक सर्व्हिस चालवायची आणि मला ऑपरेशनसाठी अचानक नऊ दिवस भरती व्हावं लागलं. सातव्या दिवशी साइट सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारं सर्टिफिकेट संपलं आणि सगळ्या ग्राहकांना ब्राउझरमध्ये लाल इशारा दिसायला लागला, मी पलंगावर, फोन हातात नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था देते ते फुकट सर्टिफिकेट ९० दिवस चालतं, आपोआप रिन्यू होतं पण माझी रिन्यूची स्क्रिप्ट मोडलेली होती. पूर्वी ते संपण्याआधी आठवण म्हणून इमेल पाठवायचे, जून २०२५ पासून तेही बंद केलंय, त्यामुळे बाहेरून तपासणारी सोय स्वतः लावा. त्यानंतर मी विश्वासातल्या एका मैत्रिणीला, जी स्वतः डेव्हलपर आहे, वर्षाला ठरलेली रक्कम देते. तिच्याकडे बंद पाकिटात रिकव्हरी कोड आणि चार पानांची चिट्ठी आहे, सर्व्हर कुठे, डोमेन कुठे, बंद पडलं तर पहिल्यांदा काय बघायचं. वर्षातून एकदा मी फोन बंद करून बसते आणि ती माझ्याशिवाय सर्व्हर नव्याने चालू करून दाखवते.

आणि फिजिओंसाठी एक बटण हवंच, माझा सगळा डेटा मला द्या. पेशंटवार पीडीएफ आणि एक सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी यादी). तुमचं काहीही झालं तरी त्यांच्या हातात नोंदी राहतात. मोबाइल ॲपच्या आधी हे करा.

आरोग्याचा डेटा आहे हेही विसरू नका. युरोपातले ग्राहक घेणार असाल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा-संरक्षण कायद्यात कलम ९ खाली आरोग्याची माहिती वेगळ्या, जास्त कडक वर्गात येते, आणि अमेरिकेतल्या क्लिनिकसाठी पेशंटचा डेटा ठेवणार असाल तर हिपा या तिथल्या आरोग्य-माहितीच्या कायद्याखाली त्यांच्याशी लेखी करार करावा लागतो. आणि तुमची सर्व्हर कंपनी तोच करार तुमच्याशी करते का तेही बघावं लागतं. जिथले नियम समजले नाहीत तिथले ग्राहक आत्ता घेऊ नका.

निशिगंध

जुनी_विहीर यांच्याशी बहुतेक सहमत आहे पण एका बाबतीत नाही. पाच जणींना एकदम फोन करून फी सांगायची आणि त्याच महिन्यात परिषदेत, मशीनवाल्याकडे सगळीकडे पसरायचं, हे नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला झेपत नाही. नवीन क्लिनिक आलं की पहिल्या आठवड्यात ते रोज प्रश्न विचारतं, जुने पेशंट आत आणायचे असतात, त्यांची वही किंवा एक्सेल वेगळ्याच पद्धतीने लिहिलेली असते. माझ्याकडे एका क्लिनिकला पूर्ण बसवायला सरासरी सहा-सात तास जायचे. तेव्हा महिन्याला दोनच क्लिनिक घ्या, बाकीच्यांना रांगेत ठेवा आणि तुमचा नंबर कधी येईल ते खरं सांगा. लोक थांबतात. त्यांना राग येतो तो नंबर आल्यावर कोणी फोन उचलत नाही त्याचा.

पैसे घ्यायला लागलात की वेबहुक, म्हणजे पेमेंट गेटवे (कार्डाचे पैसे घेऊन देणारी कंपनी) तुमच्या सर्व्हरला आपणहून पाठवते ते मेसेज घेणारा कोड, नीट लिहा. माझ्याकडे एका ग्राहकाचं कार्ड पहिल्यांदा नाकारलं गेलं आणि पुढच्याच मिनिटाला चाललं, पण "पेमेंट फेल" हा मेसेज माझ्या सर्व्हरवर "पेमेंट झालं" च्या नंतर पोचला. माझा कोड शेवटी आलेला मेसेज खरा मानायचा, त्याने तिचं अकाउंट बंद केलं. शुक्रवारी संध्याकाळी. पैसे दिलेली बाई सोमवारपर्यंत स्वतःच्या पेशंटची यादी बघू शकली नाही. तिने पैसे परत मागितले नाहीत पण माझ्याकडून कोणाला नाव सुचवणं तिने कायमचं बंद केलं. गेटवेवाले स्पष्ट लिहितात की क्रमाची खात्री नाही आणि एकच मेसेज दोनदाही येऊ शकतो, स्ट्राइप हा गेटवे तर उत्तर नाही मिळालं की तीन दिवसांपर्यंत परत परत पाठवत राहतं. आता मी मेसेजला नुसती दारावरची घंटा समजते. घंटा वाजली की गेटवेला स्वतः विचारायचं, या ग्राहकाची आत्ताची स्थिती काय, आणि तीच लिहायची. आलेल्या प्रत्येक मेसेजचा आयडी टेबलात युनिक करून ठेवायचा म्हणजे दुसऱ्यांदा आला तर सोडून देता येतो. आणि पेमेंट फेल झालं तरी लगेच दार लावू नका, दोन आठवडे वापरू द्या आणि रोज वरती पट्टी दाखवा. पेशंट समोर बसलेला असताना कोणाला कार्ड बदलायला लावू नये.

दुसऱ्या देशांतले ग्राहक आले तर टॅक्सचं झंझट स्वतः घेऊ नका. युरोपात २०१५ पासून सामान्य ग्राहकाला विकलेल्या डिजिटल सेवेवर तो ज्या देशात असेल तिथला व्हॅट लागतो. पॅडलसारखे जे स्वतः विक्रेता म्हणून मध्ये उभे राहतात त्यांची फी जास्त असते पण तो हिशोब ते करतात.

संध्याकाळचा_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण तुम्ही सांगितलेलं केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पायवाट ताई, करार वाचला, तुम्ही म्हणता तेच कलम होतं. मॅनेजरशी बोललो, आमच्या कंपनीचा आणि फिजिओचा काही संबंध नाही म्हणून लेखी परवानगी मिळाली, अकरा दिवस लागले. तोपर्यंत एक ओळ कोड लिहिला नाही.

बॅकअपवाली ताई, रिस्टोअर केला. पहिल्या रविवारी झालाच नाही. डेटाबेस आला, लॉगिन झालं, ताईचं अकाउंट उघडलं, पेशंटची यादी दिसली, मी खूश, आणि पहिल्या पेशंटवर क्लिक केलं तर जिथे तिच्या गुडघ्याचा एक्स-रे असायला हवा तिथे तुटक्या फाइलचं चिन्ह. सगळ्यांच्या सगळ्या फाइल्स. अकरा महिने मी डेटाबेसचाच बॅकअप घेत होतो आणि अपलोडचं फोल्डर त्यात कधी नव्हतंच. तुम्ही सांगितलेलं तीनपैकी पहिलंच. तो दिवस मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलो, कारण त्या सहा जणींना मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की तुमचा डेटा सुरक्षित आहे. आता फोल्डर रोज वेगळ्या अकाउंटमध्ये जातं, दुसऱ्या रविवारी पुन्हा कोऱ्या मशीनवर केलं, सगळं आलं, ३ तास १० मिनिटं लागली. डेटा उतरवून घ्यायचं बटणही झालंय. पाकिटासाठी कॉलेजच्या एका मित्राशी बोलणं चालू आहे.

फोन केले. पाचपैकी तिघी हो म्हणाल्या, एक "बघते" म्हणाली, आणि पाचवीने जे सांगितलं ते लिहितो. ती म्हणाली की व्यायाम पाठवायची सोय ती वापरतच नाही, कारण तिचे बरेच पेशंट वयस्कर आहेत, त्यांच्याकडे साधे फोन आहेत, त्यामुळे ती माझ्या ॲपमधली चित्रं बघून परत वहीत हाताने काढते. मला लॉगमध्ये दिसत होतं की ती चित्रांचं पान रोज वीस वेळा उघडते, आणि मी समजत होतो की तिला ते सगळ्यात जास्त आवडतं. मी विचारलं, एका पानावर मोठ्या अक्षरात छापून निघालं तर? ती म्हणाली, तेवढं दे, आजच पैसे भरते.

जुनी_विहीर

मग प्रिंटच्या पानात पेशंटचं नाव सगळ्यात वर आणि मोठं ठेव, टेबलावर चार पानं एकत्र पडली की कुठलं कोणाचं ते कळायला हवं. आणि जी "बघते" म्हणाली तिच्याकडे स्टूल घेऊन जा.

संध्याकाळचा_कोडर

शनिवारी सकाळी तिच्याकडेच चाललोय, वेळ घेतलीये. प्रिंट काल रात्री सुरू केलं, पहिल्या कागदावर डावा हात उजवीकडे छापला जात होता, तेवढं दुरुस्त करून पाचवीला पाठवतो.